प्रवासाचा उद्देश

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे स्पेनला जाणार, ही बातमी आमच्या खानदानात दीड दिवसात पसरली. सर्वात आधी खालाचा फोन आला. "स्पेन? पैले उमरा तो कर लेते."

खालाचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आमच्यासारख्या घरात पैसा थोडा आणि एकदाच साठतो, त्यामुळे तो कुठे जातो हे सगळे बघतात. सातव्या वेतन आयोगाच्या फरकाचे हप्ते आले तसे मी ते मोडले नाहीत, ठेवीत टाकले. हजची रक्कम त्यातून वेगळी काढली आहे आणि तिला हात लावणार नाही. उरलेल्यात चार दिवसांचा एक प्रवास बसतो. कुरआनात जमिनीवर हिंडा आणि तुमच्या आधीच्यांचे काय झाले ते पहा, असे वारंवार सांगितले आहे, हे मी खालाला सांगितले. ती म्हणाली, "वो बीच पे जाने कू नै बोले." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. कारण आमच्या शौहरांची अट एकच आहे: समुद्र पाहिजे. सोलापूरच्या माणसाला पाण्याचे आकर्षण किती असते हे पुण्या-मुंबईच्या लोकांना कळायचे नाही.

अब्बांची अट वेगळी. ते नसीम हिजाझींच्या कादंबऱ्या वाचत मोठे झाले, आणि त्यांच्या कपाटातून त्या चोरून वाचत मी. स्पेन म्हणजे त्यांच्यासाठी अंदलुस. "बेटी, उत्ता दूर जाके कुर्तुबा नै देखे तो क्या देखे?" इक्बाल १९३३ मध्ये कुर्तुब्याला गेले होते, 'मस्जिद-ए-कुर्तुबा' ही नज्म त्यांना पाठ आहे, आणि लेकीने तिथे दोन रकात नमाज पढावी अशी त्यांची इच्छा आहे.

मग मालागाच का? सुरुवात साध्या हिशेबाने झाली. मुंबईहून थेट विमान नाही, एकदा बदलावे लागते, पण मालागाचा विमानतळ मोठा आहे आणि शहर थेट भूमध्य समुद्रावर. किनारा, किल्ला, बाजार, सगळे पायी फिरण्याजोगे. मे महिन्याच्या सुट्टीत तिथे मगरिबच सव्वानऊच्या पुढे होते, इशा करून झोपायला मध्यरात्र. नोव्हेंबरात सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे आपल्या सवयीतला दिवस. शिवाय मुसाफिराला कसर आहेच. खाण्याची चिंता सगळ्यांनी केली, मी केली नाही. मालागाच्या किनाऱ्यावर वाळू भरलेल्या जुन्या होडीत लाकडे पेटवून सार्डिन मासे काडीला टोचून भाजतात, त्याला एस्पेतो म्हणतात. बदाम, लसूण आणि पाव वाटून केलेले आहोब्लांको नावाचे थंड सूप आहे, त्यात द्राक्षे टाकतात. सालमोरेहो मागवताना मात्र सांभाळायचे, त्यावर डुकराच्या मांसाचे तुकडे भुरभुरतात. 'सिन हामोन', म्हणजे हामोनशिवाय, एवढे दोन शब्द पाठ केले आहेत.

व्हिसाच्या कागदपत्रांवर पानभर लिहिता येईल, पण ज्यांनी ते केले आहे त्यांना माहीत आहे आणि ज्यांना करायचे नाही त्यांना कंटाळा येईल. माणशी ९० युरो फी, अर्ज नाकारला तरी परत नाही. ३०,००० युरोचा विमा. बँकेचे उतारे, शाळेचा ना हरकत दाखला. पण अर्जात एक रकाना असतो, प्रवासाचा उद्देश, आणि सोबत दिवसवार कार्यक्रमाचे पत्र जोडायचे असते. मी त्या रकान्यापाशी अडले. पर्यटन या खुणेवर टिचकी मारली की काम झाले, पण पत्रात काय लिहायचे?

एका हितचिंतकाने सल्ला दिला: "मॅडम, तुमचे नाव बघा आणि मशीद-बिशीद लिहू नका. फक्त बीच लिहा." तो वाईट बुद्धीने म्हणाला नाही, आणि त्याची भीती अगदीच हवेतली आहे असेही मी म्हणणार नाही. पण त्या सल्ल्याने मला पत्राकडे नीट बघायला लावले. खाला म्हणते उमरा, अब्बा म्हणतात अंदलुस, शौहर म्हणतात समुद्र, हा म्हणतो आपण कोण आहोत ते झाका. मी का जाते आहे, हे मला तरी ठाऊक असायला हवे.

खरे सांगायचे तर मला शब्दांनी ओढले. मालागाच्या किल्ल्याचे नाव अल्कासाबा. अरबीतले 'अल-कसबा'. आमच्या सोलापुरात उत्तर कसबा आहे, दक्षिण कसबा आहे, पुण्यात कसबा पेठ आहे. आठवीच्या वर्गात मी हा शब्द फळ्यावर उर्दूत, मराठीत आणि नागरी लिपीत स्पॅनिश उच्चाराने लिहिला, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "टीचर, म्हणजे स्पेनपण कसब्यातच राहतो." तिथल्या मोठ्या बाजाराचे नाव अतारासानास. मूळ दार-उस-सिनाआ, कारागिरीचे घर, म्हणजे जहाजे बांधायची गोदी. उर्दूतला 'सनअत' त्याच घरचा, आणि इंग्रजीतला 'आर्सेनल'सुद्धा. बाजाराची लोखंडी इमारत एकोणिसाव्या शतकातली, पण दरवाजा चौदाव्या शतकातला, नसरी सुलतानांच्या काळचा, संगमरवरी. त्यावर त्यांचे घोषवाक्य कोरले आहे, अल्लाहशिवाय कोणी विजेता नाही. त्याखालून आता लोक मासळीच्या पिशव्या घेऊन जातात. शहरातून वाहणारी ग्वादालमेदिना म्हणजे वादी-अल-मदीना. टेकडीवरच्या हिब्राल्फारो किल्ल्याच्या नावात अरबी जबल आणि ग्रीक फारोस, डोंगर आणि दीपगृह, एकमेकांना चिकटून बसले आहेत. उर्दू-मराठी शिकवणाऱ्या बाईला अशा ठिकाणी चार दिवस पुरायचे नाहीत.

इब्न बतूता १३५० च्या सुमारास मालागात आला होता. त्याआधी काही वर्षे तो आपल्याकडे दौलताबादला येऊन गेला होता, आणि तिथली द्राक्षे आणि डाळिंबे त्याने वाखाणली होती. मालागातही त्याने द्राक्षे, अंजीर आणि सोनेरी झळाळीची भांडी नोंदवली. माणूस काझी असला तरी फळांच्या बाबतीत चोखंदळ! तिथल्या मोठ्या मशिदीच्या अंगणातली उंच संत्र्याची झाडे त्याला फार आवडली. त्याच मशिदीत त्याला शहराचा काझी भेटला. तो समुद्रावरून पळवून नेलेल्या कैद्यांना सोडवण्यासाठी वर्गणी गोळा करत होता.

ही वर्गणी मला विसरता येत नाही, कारण पुढे १४८७ आहे. फर्नांडो आणि इसाबेल यांच्या फौजेने मे ते ऑगस्ट मालागाला वेढा घातला. शहर उपाशी राहून लढले. शरण आल्यावर रहिवाशांना खंडणी भरून सुटण्याची अट घातली गेली. ती रक्कम जमली नाही आणि बहुतेक सगळे गुलाम झाले. काही विकले गेले, काही वाटले गेले, काही पोपला भेट म्हणून गेले. शहरातल्या ज्यूंना कास्तिलच्या ज्यूंनी पैसे भरून सोडवले. पाचच वर्षांनी, १४९२ मध्ये, सगळ्या ज्यूंना देशाबाहेर काढले गेले. गरनात्याच्या शेवटच्या सुलतानाने तह केला, किल्ल्या दिल्या आणि तो निघून गेला. त्याच्या अश्रूंवर आमच्याकडे किती लिहिले गेले आहे! मालागाच्या कुंभारावर आणि अंजीरवालीवर अब्बांच्या कपाटात मला एकही पुस्तक सापडले नाही. आपल्या रडण्यातसुद्धा सुलतानांना पुढची रांग मिळते.

त्या मशिदीच्या जागी आता कॅथेड्रल आहे. दुसरा मनोरा अर्धाच राहिला, म्हणून लोक त्याला 'ला मांकिता', एका हाताची बाई, म्हणतात. त्याच्या बाजूच्या अंगणात आजही संत्र्याची झाडे आहेत. ती इब्न बतूताने पाहिलेली नाहीत, एवढे मला कळते. पण त्या अंगणात मी बसणार आहे.

कुर्तुबा मी कार्यक्रमातून काढले. आगगाडीने तासाभराचे अंतर आहे, वेळेचे कारण पुढे करता आले असते, पण अब्बांना मी खरे कारण सांगितले. ती मशीद १२३६ पासून कॅथेड्रल आहे. तिथे मुसलमानांना नमाज पढू देत नाहीत. मी तिथे गेले तर खांब आणि कमानी बघेन, भारावून जाईन, यात शंका नाही. पण रखवालदाराची नजर चुकवून दोन रकात पढायची, हे माझ्याने होणार नाही. आज तिथे दुसऱ्यांची इबादत चालते. आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत कुणी येऊन, इथे आधी आमचे काहीतरी होते, म्हणून आपली पूजा करू लागला, तर मला कसे वाटेल हे मला नीट माहीत आहे. या देशात राहून मला ते माहीत नसते तरच नवल. अब्बा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "इक्बाल तो गए थे." मी म्हटले, "इक्बाल शायर थे, मैं मास्टरनी हूँ." ते हसले नाहीत. त्यांची नाराजी अजून आहे आणि मी ती राहू देणार आहे.

आता चौथा दिवस. मालागाबद्दल वाचताना १९३७ वर आले आणि थबकले. यादवी युद्धात ८ फेब्रुवारीला शहर फ्रँकोच्या बाजूने पडले. हजारो माणसे, बायका, मुले समुद्राकाठच्या रस्त्याने अल्मेरियाकडे पायी निघाली, सुमारे २०० किलोमीटर. त्यांच्यावर समुद्रातून जहाजांनी आणि वरून विमानांनी मारा केला. फ्रँकोच्या बाजूने लढणाऱ्यांत मोरोक्कोहून आणलेले मुसलमान सैनिकही हजारोंनी होते. अंदलुसचा मातम करणारे हे पान सहसा उलटत नाहीत.

त्या रस्त्यावर एक कॅनेडियन डॉक्टर रक्ताच्या बाटल्या नेणारी आपली गाडी रिकामी करून मुलांना आणि जखमींना दिवसरात्र वाहून नेत होता. नॉर्मन बेथ्यून. हे नाव सोलापूरकरांना अनोळखी नाही. तोच बेथ्यून पुढच्या वर्षी चीनला गेला, १९३९ मध्ये तिथेच वारला, आणि त्याच्या नावाने चाललेल्या रुग्णालयाचे प्रमुख झाले आमच्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. त्यांच्या घराचे स्मारक झाले आहे. मी दरवर्षी मुलांना तिथे नेते, बेथ्यूनचे नाव सांगते, आणि इतकी वर्षे चीनपाशीच थांबते. त्याच्या आधीचा रस्ता मालागातून निघतो. शहराने समुद्राकाठच्या एका वाटेला 'पासेओ दे लोस कानादिएन्सेस', कॅनेडियनांची वाट, असे नाव दिले आहे.

शौहरांना हे सांगितले तेव्हा त्यांनी नकाशा मोठा करून पाहिला. "समुद्राला लागूनच आहे ना? मग चालेल." मला वाटले होते त्यांना समजवावे लागेल.

पत्र लिहून झाले. पहिला दिवस: आगमन, मालागेता किनारा. दुसरा: अल्कासाबा, त्याच्या पायथ्याचे रोमन नाट्यगृह (हे १९५१ मध्ये बाग खणताना सापडले), कॅथेड्रल, दुपारी विश्रांती, कारण आमचे गुडघे चाळिशीतले आहेत. तिसरा: अतारासानास बाजार, आणि पिकासोचे जन्मघर. त्याचे वडील चित्रकलेचे शिक्षक होते, तेव्हा माझ्या बिरादरीतल्या माणसाचे घर म्हणून जाणार. शुक्रवार मध्ये येतो, म्हणून जुम्याची नमाज, शहरातली मशीद, असेही स्पष्ट लिहिले. हितचिंतकाने ते वाचून कपाळाला हात लावला.

चौथ्या दिवसापुढे लिहिले आहे: सकाळी पासेओ दे लोस कानादिएन्सेस. दुपारी मासे.