कशापोटी?

खरेदीखताचा मसुदा करताना गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा आम्ही पुन्हा पुन्हा तपासतो. मोबदल्याचा परिच्छेद मात्र बहुतेक वेळा जुन्या दस्तावरून उतरवलेला असतो: ‘सदर रक्कम लिहून देणार यांस मिळाली, भरून पावली, त्याबाबत काही एक तक्रार राहिली नाही.’ माझ्या मते दस्तात सर्वांत विचारपूर्वक लिहायची जागा हीच. चतुःसीमा चुकली तर चूकदुरुस्तीपत्र करता येतं. वचन कशापोटी दिलं हे वाद पेटल्यावर लिहून काढता येत नाही, कारण तोवर दोन्ही पक्षांची आठवण आपापल्या सोयीची झालेली असते. शिवाय ‘भरून पावली’ एवढ्याने प्रश्न मिटत नाही. मोबदला मिळालाच नाही, हे तोंडी पुराव्यानेही सिद्ध करता येतं. 2021 साली केवल कृष्ण विरुद्ध राजेश कुमार या प्रकरणात खरेदीखतांत किंमत लिहिलेली होती, पण ती दिल्याचा पुरावा आला नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती खरेदीखतं रद्दबातल ठरवली.

1872 च्या करार कायद्यातली मोबदल्याची व्याख्या वाचताना वाचणारा रक्कम शोधतो, पण तिथे खरा भर आहे तो वचन देणाऱ्याच्या इच्छेवर. दुर्गाप्रसाद विरुद्ध बलदेव या 1880 च्या अलाहाबादच्या खटल्यात एकाने स्वखर्चाने बाजार बांधला आणि तिथल्या दुकानदारांनी त्याला विक्रीवर कमिशन कबूल केलं. खर्च खरा होता, दुकानदारांचा फायदाही खरा होता. पण बाजार बांधला होता कलेक्टरच्या सांगण्यावरून, म्हणून कमिशनचा दावा टिकला नाही. याउलट 1886 चा हावड्याचा खटला. टाऊन हॉलसाठी एकाने 100 रुपयांची वर्गणी लिहिली होती. यादीच्या भरवशावर कंत्राट दिलं गेलं, यादी वाढत गेली तसा आराखडाही वाढला आणि खर्च 26,000 वरून 40,000 वर पोहोचला. कलकत्ता उच्च न्यायालयाने त्या वर्गणीदाराला जबाबदार धरलं. 1914 मध्ये अलाहाबादेत मशिदीच्या दुरुस्तीसाठी कबूल केलेले 500 रुपये मात्र वसूल झाले नाहीत, कारण त्या शब्दावर विसंबून कुणी काहीच केलं नव्हतं. शब्द दोन्हीकडे दिलेला होता. त्यापायी दुसऱ्याने अंगावर काही घेतलं का, हे न्यायालयाने पाहिलं.

मग एक रुपया मोबदला लिहूनही भागतंच की, असं कुणी म्हणेल. कायद्यातच दाखला आहे: हजार रुपयांचा घोडा दहा रुपयांना विकायचा करार, संमती मोकळी असेल तर, पक्का. पण लगेच पुढच्या दाखल्यात घोड्याचा मालक म्हणतो की माझी संमती मोकळी नव्हती, आणि तेव्हा तेच दहा रुपये न्यायालय विचारात घेतं. म्हणजे रक्कम जितकी लहान, तितकं तिचं कारण सांगायला हवं. नात्यांत तर फारच. कलम 25 प्रमाणे जवळच्या नात्यात, नैसर्गिक प्रेमापोटी, लेखी आणि नोंदवलेला करार मोबदल्याविना टिकतो. 1899 च्या भिवा विरुद्ध शिवराम खटल्यात, हिश्शाचा दावा हरलेल्या भावाला जिंकलेल्या भावाने समेटासाठी निम्मी मिळकत नोंदणी करून लिहून दिली. मुंबई उच्च न्यायालयाने तो करार मान्य केला. पुढच्याच वर्षी कलकत्त्याला पतीने विभक्त पत्नीच्या निर्वाहाचा नोंदणीकृत करार केला, पण त्यात आधीच्या भांडणांचा पाढा होता. प्रेमाचा मागमूस दिसत नाही म्हणून तो शून्यवत ठरला. हा निकाल पत्नीवर अन्याय करणारा आहे, असं मला आजही वाटतं. आणि मसुदाही कमी पडला. स्वतंत्र राहायचं कबूल करताना ती स्वतःचा कुठला दावा सोडत होती का, हे विचारून नोंदवलं असतं, तर न्यायालयाला प्रेम शोधत बसावं लागलं नसतं.

सर्वांत वजनदार आक्षेप असा: सज्ञान माणसाने समजून-उमजून लेखी शब्द दिला, तर आणखी कारण कशाला? इंग्लंडमध्ये 1937 सालीच कायदा सुधारणा समितीने लेखी वचनाला मोबदल्याची गरज नको, अशी शिफारस केली होती. आपल्याकडे 1979 मध्ये मोतीलाल पदमपत शुगर मिल्सच्या प्रकरणात, विक्रीकर माफीच्या आश्वासनावर विसंबून कारखाना उभा राहिल्यावर सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश सरकारला शब्द पाळायला लावला, मोबदला नसतानाही. मला हा निकाल मान्य आहे. पण तिथेही विसंबून उचललेलं पाऊल होतंच. हावड्याच्या वर्गणीचीच ती मोठी आवृत्ती. नुसत्या सहीला सगळं बळ द्यायला माझा विरोध आहे तो हक्कसोडपत्रांमुळे. महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे, आणि तरी बहिणी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात येऊन ‘विनामोबदला, राजीखुशीने’ या छापील ओळीखाली अंगठे उमटवून जातात. असं हक्कसोडपत्र कायद्याने टिकतं. मसुदा करणाऱ्याने तरीही बहिणीला भाऊ समोर नसताना विचारावं, की ताई, हे कशापोटी सोडताय? लग्नाच्या खर्चापोटी, आईला सांभाळल्याबद्दल, की माहेर तुटू नये म्हणून? जे उत्तर येईल ते तिच्या शब्दांत दस्तात घालावं आणि तिला वाचून दाखवावं. उत्तर आलंच नाही, तर त्या दिवशी नोंदणी करू नये.