घामाचा वास आणि व्यायामाचे नाजूक कपडे

ताजा घाम जवळजवळ बिनवासाचा असतो. काखेतल्या ग्रंथींच्या स्रावावर त्वचेवरचे जीवाणू पोसले जातात आणि त्यातून उग्र वासाची आम्ले व गंधकयुक्त संयुगे तयार होतात. सुती बनियन पाणी शोषते; पॉलिएस्टर पाण्याला थारा देत नाही, पण तेलकट अंश मात्र घट्ट धरून ठेवते. 2014 साली बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांना पॉलिएस्टरच्या कपड्यांवर मायक्रोकॉकस जीवाणू विशेष फोफावलेले आढळले. धुऊन वाळवलेला, घडीत निर्दोष वाटणारा टी-शर्ट अंगाची ऊब लागताच काखेत पुन्हा वास मारू लागतो, तो या चिवट अंशामुळे.

इलाज सोपा, पण घाईचा नाही. कपडा उलटा करून, बादलीभर गार पाण्यात वाटीभर पांढरे व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवावा, मग खळबळून एंझाइमयुक्त लिक्विड डिटर्जंटने धुवावा. मेरिनो लोकर असेल तर हे डिटर्जंट टाळावे. त्यातले प्रोटीज हे एंझाइम लोकरीचेच प्रथिन खाते. पावडर जास्त घातली की कपडा जास्त स्वच्छ होतो, हा समज घरोघरी आहे. उलट न निघालेला साबण धाग्यांत साचतो. फॅब्रिक कंडिशनर तर वासावर पांघरूणच घालते. कढत पाण्याने आणि ब्लीचने इलॅस्टेनचा, म्हणजे कपड्यातल्या लवचीक धाग्याचा, ताण जातो. शिवाय ब्लीच व्हिनेगरमध्ये मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो. कपडे सावलीत, वाऱ्यावर वाळवावेत, पावसाळ्यात पंख्याखाली. जिमच्या बॅगेत ओला बोळा रात्रभर राहिला, तर पुढची धुलाई दुप्पट अवघड होते.