कैलासवासी करदाते

सरकारी कचेऱ्यांविषयीं आपल्या मनांत जी एक भीति घर करून असते, तिचें मूळ कचेरीच्या भिंतींत नसून तिच्या भाषेंत आहे, असें मला अलीकडे वाटूं लागलें आहे. रेल्वेच्या खिडकीशीं उभा राहिलेला मनुष्य गर्दीला कंटाळतो. पण घाबरत नाहीं. तिकीट, डबा, फलाट हे शब्द त्याच्या घरच्यासारखे झालेले असतात. प्राप्तिकराच्या कचेरीचें नांव निघालें कीं मात्र चार पुस्तकें वाचलेल्या आणि दोन लिहिलेल्या गृहस्थाचाहि चेहरा उतरतो. विवरणपत्र, करनिर्धारण, उद्गमीं करकपात हे शब्द त्याच्याशीं बोलत नाहींत. ते त्याला दरडावतात. ह्यांतल्या शेवटच्या शब्दाला सारें जग टीडीएस म्हणतें. पण तेवढ्यानें त्याचा धाक कमी होतो असें नाहीं.

ह्या भाषेचें वय लहान नाहीं. १८५७ च्या उठावानंतर सरकारी तिजोरीची ओढाताण झाली, ती निस्तरण्यासाठीं जेम्स विल्सन हा अर्थज्ञ विलायतेहून इकडे आला आणि १८६० सालीं त्यानें हिंदुस्थानांत प्राप्तीवरील कर प्रथम बसविला. त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत विल्सनसाहेब कलकत्त्यास वारले. कर मात्र, मधून मधून विश्रांति घेत कां होईना, त्यांच्यामागें चालतच राहिला. १८८६, १९२२, १९६१ असे त्याचे कायदे होत गेले आणि प्रत्येक पिढीनें त्यांत आपापल्या कलमांची भर घातली. २०२५ सालीं संमत झालेल्या आणि १ एप्रिल २०२६ हा अंमलाचा दिवस ठरलेल्या नव्या कायद्यानें ही भाषा सोपी करण्याचें मनावर घेतलें, ही गोष्टच तिच्या अवघडपणाची कबुली म्हणावयाची.

मनुष्य जातो आणि त्याचा कर मागें उरतो, हा अनुभव आमच्या घरीं आला तो जुन्याच कायद्याच्या अमदानींत. माझे वडील नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस वारले. ते निवृत्त शिक्षक होते. निवृत्तिवेतन आणि बँकेंतील एक मुदतीची ठेव, एवढीच त्यांची मिळकत. दर वर्षीं एप्रिल उजाडला कीं ते बँकेंत जाऊन ‘पंधरा-एच’ हा नमुना भरून देत. माझ्या उत्पन्नावर कर बसत नाहीं, सबब व्याजांतून तो कापूं नये, एवढेंच त्या कागदाचें म्हणणें असे. २०२३ च्या एप्रिलांत ते अंथरुणाला खिळलेले होते. कागद गेला नाहीं आणि बँकेनें नियमाप्रमाणें शेंकडा १० ह्या दरानें कर कापला. पुढें त्यांच्या निधनाची वर्दी दिल्यावरहि ठेव मार्चअखेरपर्यंत त्यांच्याच नांवावर राहिली. वर्षाचें व्याज ९६,००० रुपये आणि कापलेला कर ९,६०० रुपये, अशी कैलासवासी मनुष्याच्या नांवें नोंद झाली.

एका आप्तांनीं व्यवहारी सल्ला दिला, “एवढ्याशा रकमेसाठीं सरकारच्या दारांत कशाला जातां? दिली समजा गंगार्पण.” आईला तो मानवला नाहीं. ती म्हणाली, “पैशाचं नाहीं हो. त्यांनीं कोणाचं कांहीं ठेवलं नाहीं आणि कोणाकडे कांहीं सोडलंहि नाहीं. त्यांची वही मी उघडी ठेवणार नाहीं.” वडिलांची हिशेबाची एक वही होती. महिनाअखेर जमा आणि खर्च जुळला कीं ते तिच्यांत खालीं दुहेरी रेघ ओढीत. नोव्हेंबरच्या पानावर ती रेघ नव्हती.

आजच्या काळीं माहितीला तोटा नाहीं. मृत व्यक्तीचें विवरणपत्र वारसानें भरावयाचें असतें, त्यासाठीं वारस म्हणून नोंदणी करावी लागते, मृत्यूचा दाखला आणि वारसाचा पुरावा जोडावा लागतो, हें सारें यंत्राच्या पडद्यावर घरबसल्या वाचावयास मिळालें. परंतु वाचतां वाचतां एक गोष्ट सारखी खटकत होती. त्या प्रत्येक पानावरचा ‘मी’ जिवंत होता. करदात्याचें नांव, करदात्याचा दूरध्वनि, करदात्याची सही! जो सही करणार नव्हता त्याच्याकडेच सारे प्रश्न वळत होते. शिवाय मृत्यूनंतरचें व्याज कोणाचें आणि त्यावर कापलेला कर कोणाचा, हा आमचा खरा पेंच कोठेंच आमच्या भाषेंत सुटत नव्हता. शेवटीं जुलै २०२४ मध्यें मी आईला घेऊन आमच्या शहरांतील प्राप्तिकर कार्यालयाच्या सेवा केंद्रांत गेलों.

विवरणपत्रांची ३१ जुलै ही मुदत जवळ आली होती. बांकांवर आमच्यासारखींच पांढऱ्या केसांचीं माणसें मांडीवर पिशव्या धरून बसलीं होतीं. आमची पाळी आली. मेजापलीकडे पन्नाशीच्या घरांतले एक कर्मचारी होते. त्यांनीं मान वर न करतां विचारलें, “करदाते कोण?”

“आमचे हे,” आई म्हणाली.

“नांव सांगा, काकू.”

आई क्षणभर थांबली. पन्नास वर्षांच्या संसारांत तिनें तें नांव घेतलें असेल तें लग्नांत, डोहाळजेवणांत, हळदीकुंकवांत, आणि तेंहि उखाण्याच्या आडून. त्या दिवशीं यमकाचा आधार न घेतां, आडनांवासकट, तिनें तें सरळ उच्चारलें. लिहिणारा हात थांबला. कर्मचाऱ्यांनीं मान वर केली आणि विचारलें, “केव्हां गेले?” प्रश्न कामाचाच होता, कारण सारा हिशेब त्या तारखेवर अवलंबून होता, परंतु त्यांनीं तो कामासारखा विचारला नाहीं.

मग त्यांनीं एक कोरा कागद घेऊन त्याच्या मधोमध उभी रेघ मारली. “निधनाच्या दिवसापर्यंतचं उत्पन्न त्यांचं, दुसऱ्या दिवसापासूनचं तुमचं,” असें म्हणून डावीकडे आठ महिन्यांचें निवृत्तिवेतन आणि ६४,००० रुपये व्याज, तर उजवीकडे आईचें कुटुंबनिवृत्तिवेतन आणि उरलेलें ३२,००० रुपये व्याज त्यांनीं मांडलें. ती ठेव वडिलांनीं मृत्युपत्रानें आईलाच दिलेली होती. कापलेला करहि तसाच विभागला, ६,४०० इकडे आणि ३,२०० तिकडे. डाव्या बाजूचें विवरणपत्र आईनें वारस म्हणून भरावें. तिच्या कुटुंबनिवृत्तिवेतनाचा सरकारी दाखला वारसाचा पुरावा म्हणून चालतो. उजवी बाजू तिच्या स्वतःच्या विवरणपत्रांत जावी. आणि हें व्याज माझें आहे असें तिनें बँकेला लिहून द्यावें, म्हणजे बँक आपली नोंद सुधारून तेवढा कर तिच्या क्रमांकावर दाखवील. आमचा सहा महिन्यांचा पेंच त्या एका रेघेनें सोडविला. सरतेशेवटीं त्यांनीं डाव्या रकान्याच्या माथ्यावर वडिलांचें नांव घातलें आणि त्याच्याआधीं ‘कै.’ हें अक्षर लिहिलें. पडद्यावरच्या कोणत्याहि चौकटींत त्या अक्षराला जागा नव्हती.

कागद घडी करतां करतां आईनें भीत भीत विचारलें, “आणि उद्यां त्यांच्याकडून कांहीं देणं निघालं, तर?”

“निघायचं नाहीं, काकू. निघालंच, तर त्यांनीं जें मागें ठेवलं असेल, तेवढ्यापुरतंच. तुमच्या बांगड्यांना कोणी हात लावणार नाहीं.”

हें वाक्य त्यांनीं मनचें काढलें नव्हतें. १९६१ च्या कायद्याच्या १५९ व्या कलमांत तेंच आहे; वारसाची जबाबदारी मृताच्या मालमत्तेंतून जेवढी भागेल तेवढीच. बापाचें ऋण मुलानें फेडावें, हें आपल्याकडे धर्मकर्तव्य मानलें गेलें. न्यायालयेंहि तें मानीत, आणि हिंदु वारसा कायद्यांत २००५ सालीं दुरुस्ती झाली तेव्हां कोठें, नव्या कर्जांपुरतें, तें कायद्यांतून उठलें. त्या मानानें प्राप्तिकराचा कायदा विधवेशीं आणि मुलाशीं अधिक सौम्यपणें वागत आला आहे. तें कलम मीं घरीं वाचलेलें होतें. त्यांतील ‘मर्यादा’, ‘दायित्व’ आणि ‘संपदा’ ह्यांच्या गर्दींतून मला धीर असा मिळाला नव्हता. दया कायद्यांत होतीच, परंतु ती मुकी होती. बांगड्यांचें नांव घेऊन तिला बोलतें करावयाला मेजापलीकडे एक मनुष्य बसलेला असावा लागला.

कोणी म्हणेल, हें सारें जुन्या वळणाचें बोलणें झालें. आतां विवरणपत्रें बेंगळूरूच्या केंद्रांत यंत्रावर निकालांत निघतात, २०२० पासून तपासणीहि बव्हंशीं चेहरा न दाखवितां होते, आणि त्यामुळें वशिला व चिरीमिरी ह्यांना वाव उरत नाहीं. मला हें मान्य आहे. तपासणारानें करदात्याचा चेहरा पाहूं नये, ह्यांत न्यायच आहे. परंतु तपासणें आणि मदत करणें हीं दोन निराळीं कामें आहेत. मदत करणारानें चेहरा पाहिलाच पाहिजे; समोरचें माणूस कोणत्या शब्दाशीं अडलें आहे, हें त्याला दुसरीकडे कोठें वाचतां येणार? त्याच २०२० सालच्या १३ ऑगस्टला करदात्यांची सनद जाहीर झाली. न्याय्य, सौजन्यपूर्ण आणि समंजस वागणूक, हें तिच्यांतलें पहिलें अभिवचन. सनद दिल्लींत लिहिली गेली. तिची अंमलबजावणी होते ती अशा एखाद्या मेजावर, “बसा, काकू” ह्या दोन शब्दांत. तें मेज एखाद्या दिवशीं काटकसरीच्या नांवाखालीं उचललें गेलें, तर कर पूर्वीप्रमाणेंच गोळा होईल. पण माझ्या आईसारखीं माणसें आपले पैसे गंगार्पण करून घरीं बसतील.

पुढें वडिलांच्या बाजूचे ६,४०० रुपये, थोड्या व्याजासह, आईच्या खात्यांत आले. तिच्या बाजूच्या ३,२०० रुपयांसाठीं बँकेकडे चार खेपा घालाव्या लागल्या, परंतु तेहि आले. दोन्ही रकमा आल्यावर आईनें कपाटांतून ती वही काढली, नोव्हेंबरच्या पानावर डावीकडची रक्कम तेवढी वडिलांच्या जमेला लिहिली, आणि पट्टी लावून खालीं दुहेरी रेघ ओढली. उजवीकडच्या रकमेसाठीं तिनें दुसऱ्या दिवशीं नवी वही आणावयास सांगितली.