रुखवतातली पक्कड

मराठी मध्यमवर्गीय घरात सगळं असतं, फक्त हातोडी नसते. खिळा ठोकायची वेळ आली की खलबत्त्यातला बत्ता बाहेर येतो. स्क्रू पिळायला भाजीची सुरी, नाहीतर जुनं आठ आण्याचं नाणं. घट्ट बसलेलं झाकण, वाकलेली कडी आणि गळका नळ या तिन्ही दुखण्यांवर सांडशी हा एकच उपाय. कारकुनाच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हत्यार म्हणून पेनचीच पूजा झाली. बाकीच्या कामांना आपण 'माणूस' बोलावतो. हा माणूस 'उद्या येतो' असं सांगतो. वीस वर्षं बँकेत काढल्यामुळे मला या शब्दांचा अर्थ नेमका ठाऊक आहे. आमचे थकबाकीदारही हेच सांगतात.

म्हणूनच लग्न ठरल्यावर पुतणी म्हणाली, "काका, मिक्सर नका देऊ, तीन आधीच आलेत. मला हत्यारांची पेटी द्या," तेव्हा माझा ऊर भरून आला. आमच्या हिचा मात्र चेहरा पडला. "सासरी जाताना हत्यारं? अहो, लोक काय म्हणतील!"

खरेदीला पुण्यातल्या बोहरी आळीत गेलो, तोही शनिवारी. शनिवारी लोखंड घेऊ नये हे मलाही ठाऊक आहे. पण २०१५ सालापासून बँकांना महिन्यातला दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा मिळाला, आणि रविवार लग्नाच्या याद्या करण्यात जात होते. शनिमहाराजांनी एवढं तरी समजून घ्यायला हवं.

दुकानदारानं आधी एक सूटकेस उघडली. आत शंभरावर हत्यारं, प्रत्येकाला स्वतःची खाच. बघताक्षणी आपण कारखानदार झाल्यासारखं वाटतं. पण मी पडलो कॉमर्सचा. मनातल्या मनात हिशेब मांडला, तेव्हा लक्षात आलं की यातली बहुतेक एकाच दांड्याला आलटून पालटून लावायची टोकं आहेत. जन्मात हात लागणार नाही अशा मालात भांडवल कशाला अडकवा? स्वयंपाक शिकणाऱ्याला आधी तवा द्यावा, केटररची भांडी नव्हे. मी म्हटलं, "शेठ, सहाच जिन्नस द्या, पण चांगले द्या."

पहिली हातोडी. अर्ध्या किलोच्या आतली, आणि मागच्या बाजूला खिळे उपटायची सोय असलेली. नवशिका जेवढे खिळे ठोकतो त्यातले निम्मे त्याला उपटावे लागतात. धरायची ती दांड्याच्या टोकाशी. मानेशी धरली की तिचा पुन्हा बत्ता होतो.

दुसरी पक्कड, आठ इंची, मुठींवर इन्सुलेशन असलेली. पक्कड म्हणजे पेटीतली हेडक्लार्क. धरणं, वाकवणं, तार तोडणं, सगळं तिच्याच टेबलावर. फक्त तिला नट फिरवायला लावू नये. नटाचे कोपरे झिजतात आणि मग तो ब्रह्मदेवालाही दाद देत नाही.

नटासाठी तिसरा जिन्नस, सरकत्या जबड्याचा पाना. जबडा नटाला घट्ट भिडवावा आणि ओढताना सगळा जोर न हलणाऱ्या जबड्यावर घ्यावा. जो जागचा हलत नाही त्याच्यावरच भार पडतो, हे बँकेत असल्यामुळे मला लगेच पटलं.

चौथा स्क्रू ड्रायव्हर. तो मात्र जोडीनं घ्यायचा, एक चपटा नि एक फुलीचा. १९३६ साली अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्स यांना फुलीच्या स्क्रूची पेटंटं मिळाली, आणि तेव्हापासून घरोघरी हे दोन पंथ नांदताहेत. टोक खाचेत अगदी भरून बसलं पाहिजे. सैल राहिलं तर दोघांचंही वाटोळं. पत्रिकेतले गुण एक वेळ कमी चालतील, इथे छत्तीसच्या छत्तीस हवेत.

पाचवा तीन मीटरचा टेप. शेजारचं एक गिऱ्हाईक टेप परत करायला आलं होतं. "याच्या टोकाची पट्टी हलते हो!" दुकानदार शांतपणे म्हणाला, "हलायलाच पाहिजे साहेब." ती पट्टी स्वतःच्या जाडीइतकीच हलते. भिंतीला टेकवली की आत सरकते, टेबलाच्या कडेला अडकवून ओढली की बाहेर येते, म्हणून दोन्हीकडची मापं बरोबर निघतात. दोन्ही घरी बरोबर राहायचं तर थोडं हलावं लागतं, एवढा उपदेश मी पुतणीसाठी फुकटात घेऊन आलो.

सहावा टेस्टर. दिसायला गरीब, पण त्याचं बोलणं नीट समजून घ्यावं. दिवा लागला तर वीज आहे. नाही लागला तर वीज नाहीच, असं मात्र धरून चालू नये. टेस्टरच बिघडलेला असू शकतो. आधी चालू प्लगवर तपासून घ्यावा. बोर्ड उघडायचा तर मेन स्विच बंद करूनच, आणि वायरिंगला हात लावायचा तो वायरमननंच.

सगळे मिळून दीड हजाराच्या आत आले. रुखवतात सुपारीचे गणपती, साखरेचं तुळशीवृंदावन आणि लोकरीची तोरणं यांच्यामध्ये ही पेटी उघडून ठेवली. बायकांच्या घोळक्यात कुजबुज झाली. एका आजीबाईंनी पक्कड उचलून पाहिली नि विचारलं, "ही सांडशी एवढी जड कशाला केली?" नवरदेवाच्या आई मात्र काही बोलल्या नाहीत.

त्या घरातला मोरीचा नळ तीन वर्षं गळत होता. खाली पातेलं ठेवायचं, भरलं की झाडांना घालायचं, अशी पद्धतच पडली होती. नळवाला अर्थातच उद्या येणार होता. लग्नानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात पुतणीनं टाकीखालची चावी बंद केली, पान्यानं नळ उघडला आणि दहा रुपयांचा वॉशर बदलला. सासूबाईंनी पातेलं उचललं, घासलं नि फडताळात ठेवून दिलं. तेव्हाही त्या काही बोलल्या नाहीत.

खंडेनवमीला पुतणीचा फोन आला. सकाळी सासूबाईंनी स्वतःहून पेटी मागून घेतली, पाटावर हत्यारं मांडली, हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूचं सगळ्यात मोठं फूल पान्यावर ठेवलं.

"पण काका," ती म्हणाली, "पूजेला पाचच होती. पक्कड समोरच्या काकूंनी नेलीय."

मी हिला म्हटलं, "काळजी सोड. शेजारी उसनं मागायला लागले, म्हणजे पोरीचा संसार लागला!"