गिअरबॉक्सची निवड

कोणतीही वस्तू घ्यावयाची झाली, की आपल्या घरांतून पहिला प्रश्न निघतो तो "ह्यात सर्वांत चांगली कोणती?" हा. शिलाईयंत्राच्या किंवा पाट्या-वरवंट्याच्या बाबतीत ह्या प्रश्नाला काही तरी उत्तर देता येते. पण मोटार आणि तिच्याकडून करवून घ्यावयाचे काम ह्यांच्या मध्ये बसणाऱ्या गिअरबॉक्सविषयी तो विचारला, तर जाणत्या माणसालाही क्षणभर गप्प बसावे लागते. गेल्या वर्षी आमच्याच कुटुंबात हा प्रसंग आला. त्यात घरची बरीच पुंजी गुंतावयाची होती. म्हणून आम्ही त्याचा विचार कसा केला, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

आमची शेती परभणी जिल्ह्यात, मानवतच्या बाजूस. काळ्या जमिनीत रब्बीला करडई पेरण्याची चाल आमच्याकडे पूर्वापार आहे आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाने "परभणी कुसुम" नावाचे करडईचे वाणही दिलेले आहे. माझ्या पुतण्याने मनात घेतले, की करडई बाजारात नेऊन विकण्यापेक्षा घरीच लाकडी घाण्यावर गाळावी आणि तेल विकावे. विचार चांगला होता. परंतु भांडवल उभे राहणार होते ते थोरल्या वहिनींच्या ठेवीतून. माहेरच्या जमिनीचा त्यांचा वाटा विकून आलेली ती रक्कम होती. अशी ठेव एकदा मोडली, की पुन्हा जमणे कठीण. तेव्हा घाण्याचा एकेक भाग पारखून घेणे अवश्य होते. मी आयुष्याची तीसेक वर्षे कारखान्यांतील यंत्रांच्या देखरेखीत घालविलेली असल्यामुळे गिअरबॉक्सचा भार साहजिकच माझ्याकडे आला.

गिअरबॉक्स लागतोच कशाला, हे प्रथम सांगितले पाहिजे. बैलाच्या घाण्यात बैल मिनिटास दोन-तीन फेरे घेतो. जोर पुष्कळ, वेग थोडा. मोटारीचे उलट आहे. नेहमीची मोटार मिनिटास सुमारे 1,440 फेरे फिरते, पण तिचा पीळ बेताचा. घाणा मात्र मिनिटास बारा-चौदा फेऱ्यांहून जलद फिरविला, तर तेल तापते आणि लाकडी घाण्याचे प्रयोजनच उरत नाही. म्हणजे 1,440 फेऱ्यांचे 12 करावयाचे. वेग एकशेवीस पटींनी उतरवावयाचा आणि त्याच्या मोबदल्यात पीळ वाढवून घ्यावयाचा. गिअरबॉक्स शक्ती निर्माण करीत नाही. तो वेग घेऊन जोर देतो, आणि ह्या व्यवहारात स्वतःची दलाली कापून घेतो. ही दलाली किती, ह्यावरच निवडीचा बराचसा भाग अवलंबून असतो.

पुतण्याने दरपत्रके मागविली, आणि घरात दोन पक्ष पडले. दादांचे म्हणणे, वर्म जातीचा गिअरबॉक्स घ्यावा. तो स्वस्त आहे आणि गावोगावच्या घाण्यांना तोच लावतात. पुतण्याचे म्हणणे, "काका, घ्यायचा तर प्लॅनेटरीच घेऊ. साखर कारखान्यांत तोच घेतात. म्हणजे तो सर्वांत बळकट असणार." दोघांचीही माहिती खरी होती, पण दोघेही दुसऱ्याच्या कामावरून आपल्या कामाचा निर्णय करीत होते.

वर्म म्हणजे मळसूत्र. पोलादी मळसूत्र फिरते आणि त्याचे आटे काशाच्या चक्राचे दाते एकेक करून पुढे सरकवितात. ही युक्ती आपल्या देशाला नवी नाही. कापसातील सरकी काढण्याच्या जुन्या लाकडी चरकीत दोन लाटांच्या टोकांस असेच मळसूत्री दाते कोरलेले असत. मळसूत्राचा गुण असा, की एकाच टप्प्यात वेग साठ पटींपर्यंत उतरतो, आवाज होत नाही, आणि घडण लहान. शिवाय मोठ्या उतरणीच्या मळसूत्राला उलट बाजूने फिरविता येत नाही. चक्राने कितीही रेटले तरी मळसूत्र जागचे हलत नाही. दोष असा, की येथे दाते एकमेकांवर घासत जातात. साठ पटींच्या उतरणीत शंभरातील पासष्टच्या आसपास शक्ती पलीकडे पोहोचते. बाकीची उष्णता होऊन जाते.

दुसरी जात तिरप्या दात्यांच्या चक्रांची. तिला हेलिकल म्हणतात. हिच्यात दाते घासण्यापेक्षा लोळतात अधिक, आणि प्रत्येक टप्प्यास शंभरातील दोन-तीनच खर्ची पडतात. आडव्या मोटारीने उभा घाणा फिरवावयाचा, तर ह्याच चक्रांच्या जोडीस शंकूच्या आकाराची बेव्हल चक्रे घालून काटकोनात वळण घेतात. तीन टप्पे धरले तरी शंभरातील चौऱ्याण्णवच्या सुमारास शक्ती हाती येते. किंमत अर्थातच अधिक. तिसरी जात प्लॅनेटरी. हिच्यात मधल्या चक्राभोवती तीन किंवा अधिक चक्रे ग्रहांसारखी फिरतात आणि भार वाटून घेतात. त्यामुळे थोड्या जागेत प्रचंड पीळ पेलता येतो.

आता आमच्याच जिल्ह्यात दृष्टी टाकावी. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. धरणाचे दरवाजे उचलणाऱ्या यंत्रणेत पुष्कळ ठिकाणी मळसूत्री गिअरबॉक्स असतो, आणि ते योग्यच आहे. दरवाजा वर्षातून मोजके दिवस हलवावयाचा; तेवढ्यात शक्ती थोडी वाया गेली म्हणून कोणाचे बिघडत नाही. उचललेला दरवाजा आपल्या भाराने खाली येऊ नये, हे महत्त्वाचे. त्यासाठी ब्रेक असतोच. मळसूत्राचा अडसर त्याच्या साह्यास येतो. गंगाखेडकडे उसाच्या कारखान्यात पाहावे, तर चरकाची लाट मिनिटास चार-पाच फेरे फिरते, पण हंगामभर रात्रंदिवस, आणि भार असा, की साध्या चक्राचे दाते मोडावेत. तेथे प्लॅनेटरी शोभतो.

ह्याच्या उलटही एक प्रकार आहे. परभणीस 1972 साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठात पशुशक्तीच्या उपयोगाविषयी अखिल भारतीय संशोधन योजनेचे केंद्र आहे. बैलांच्या गोल फेऱ्यांवर पिठाची लहान गिरणी चालविणे, हा अशा संशोधनात येणारा विषय. तेथे वेग उतरवावयाचा नसून शेकडो पटींनी चढवावयाचा असतो. अशा ठिकाणी कोणी मळसूत्र बसविले, तर चक्राकडून ते फिरणार नाही. बैल उभे राहतील आणि गिरणीही. एके ठिकाणचा गुण दुसऱ्या ठिकाणी दोष ठरतो तो असा.

हे सगळे मी समजावून सांगत असता वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आपला घाणा दिवसाला किती तास फिरणार, ते आधी ठरवा ना. तुमचा हिशेब त्याच्यावरच असेल." खरोखरच निवडीची किल्ली तेथेच होती. गावात करडई किती पिकते, कोणाकडची गाळावयास येईल, दिवाळीला तेल किती खपते, हे त्यांच्याइतके आम्हा कोणासच ठाऊक नव्हते. त्यांनीच अंदाज बांधला: फाल्गुनात माल येऊ लागला, की चार महिने आठ तास; पुढे वर्षातले सुमारे एकशेऐंशी दिवस तीनेक तास.

त्यावरून हिशेब केला. घाण्यास प्रत्यक्ष दीड किलोवॉट शक्ती लागते असे धरले. वर्ममधून ती मिळविण्यास 2.3 किलोवॉट आत घालावे लागतात, बेव्हल-हेलिकलमधून 1.6. पट्ट्यातील घट दोन्हीकडे सारखीच. वर्म घेतला, तर तीन अश्वशक्तीची मोटार पुरत नाही, पाचाची घ्यावी लागते. दुसऱ्यास तीनाची पुरते. वर्षभरात फरक पडतो सुमारे 1,050 युनिटांचा. युनिटास 8 रुपये धरले, तर 8,400 रुपये झाले. आणि दोन गिअरबॉक्सच्या किमतींत 25,000 रुपयांचे अंतर असले, तर ते तीन वर्षांत भरून येते. घाणा रोज तासभरच फिरणार असता, तर दादांचेच म्हणणे बरोबर ठरले असते, आणि मी स्वतः वर्म घ्या म्हणून सांगितले असते. प्लॅनेटरीचे बळ मात्र आमच्या कामास कोणत्याही हिशेबात नको होते.

दुसरी गोष्ट उष्णतेची. वर्ममध्ये जी शक्ती वाया जाते ती सुमारे 0.8 किलोवॉट, म्हणजे एक घरगुती इस्त्री त्या पेटीत सतत पेटत ठेवल्यासारखे झाले. दुसऱ्यात जुन्या शंभर वॉटच्या दिव्याएवढी. वैशाखात आमच्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो. पत्र्याच्या छपराखाली तर बोलावयासच नको. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांचा गिअरबॉक्स पीळ पेलण्यास पुरेसा होता, पण ऐन हंगामात तापून त्याचे वंगण पातळ झाले आणि काशाचे चक्र झिजून गेले. ऐन कामाचे तीन आठवडे घाणा बंद राहिला, आणि गिऱ्हाईक दुसरीकडे गेले ते गेलेच. म्हणून दरपत्रकात पिळाची मर्यादा पाहावी तशी उष्णतेची मर्यादाही पाहावी, आणि ती किती अंशांच्या हवेसाठी दिली आहे, हे विचारावे.

तिसरी गोष्ट धक्क्याची. दीड किलोवॉट शक्तीने मिनिटास 12 फेरे फिरताना पीळ सुमारे 1,200 न्यूटन-मीटर होतो. एक मीटर दांड्याच्या टोकास सव्वाशे किलोंच्या आसपास वजन टांगावे, तेवढा. पण घाण्यातील पेंड मध्येच घट्ट बसते आणि भार एकदम चढतो. म्हणून ह्या आकड्यास दीडाने गुणून 1,800 न्यूटन-मीटर पेलणारा गिअरबॉक्स घेतला, आणि मोटारीनंतर पट्टा ठेवला. घाणा अडकला तर पट्टा घसरतो, दाते वाचतात.

चौथी गोष्ट आपल्या वाचकभगिनींस आपण होऊनच सुचेल. तेल खाण्याचे आहे. गिअरबॉक्सचे वंगण त्यात थेंबभरही उतरता कामा नये. म्हणून पेटी घाण्याच्या खाली बसवावी, वर नव्हे, आणि तिच्या आसाचे सील वेळोवेळी पाहावे.

एवढा विचार झाल्यावर बेव्हल-हेलिकल जातीचा गिअरबॉक्स आणि तीन अश्वशक्तीची मोटार आणली. मोटार लहान घ्यावी लागल्याने काही रक्कम तेथेच वाचली. वहिनींची ठेव सगळी मोडावी लागली नाही. पहिल्या उन्हाळ्यात दुपारच्या वेळीही पेटीवर तळहात ठेववत होता. पुतण्या आता दर हंगामाच्या आरंभी वंगण स्वतः बदलतो आणि त्याची तारीख वहीत लिहितो.

ज्यांच्या घरी असा काही उद्योग काढण्याचे चालले असेल, त्यांनी दरपत्रक उघडण्यापूर्वी एका कागदावर एवढेच लिहावे: काम किती फेऱ्यांचे, पीळ किती, दिवसाचे तास किती, धक्के बसतात की नाही, हवा किती तापते, उलट फिरणे चालेल की घातक, आणि बिघडल्यास सुटे भाग किती कोसांवर मिळतात. ह्यांपैकी पुष्कळ उत्तरे कारागिरापेक्षा घरच्या माणसांनाच अधिक नेमकी ठाऊक असतात. ती त्यांना विचारावीत, आणि मग विक्रेत्याकडे जावे.