नाडा आणि सोंदूर

राळेगणसिद्धीला मामांच्या पडवीत एका खुंटीवर दोन दोर होते. मनगटाएवढा जाड तो नाडा, बोटाएवढा बारीक तो सोंदूर. विहिरीवर मोटर बसून कितीतरी वर्षं लोटली होती, तरी मामांनी ते दोर कुणाला दिले नाहीत, की तोडून दाव्यांना वापरले नाहीत.

लहानपणी मला नाड्याचंच अप्रूप. भरलेली मोट, ती चामड्याची पिशवी, विहिरीतून वर ओढणारा तो! मामा मात्र सोंदराबद्दल बोलत. नाडा वरच्या चाकावरून जाई, सोंदूर खालच्या कण्यावरून. बैल धावेवरून उतरू लागले की दोन्ही दोर एकदम ताणले जात. सोंदूर मोटेची सोंड वर धरून ठेवी. मोट काठाशी आली की तोच सोंड कण्यावरून पुढे ओढी आणि पाणी धबाधबा थारोळ्यात पडे. वीतभर लांबी चुकली, की वर आलेलं पाणी परत विहिरीत. त्या गावात ही चूक परवडण्यासारखी नव्हती.

राळेगणचा पारनेर तालुका पर्जन्यछायेतला. समुद्रावरचा नैर्ऋत्येचा वारा सह्याद्रीवर पाणी ओततो आणि आमच्या माळावर येतो तो जवळजवळ रिकामा. १९७५ साली अण्णा हजारे सैन्यातून गावी परतले, नालाबांध आणि पाझर तलाव झाले, तेव्हा कुठे विहिरी पाणी धरू लागल्या.

कोकणातली शिडंही वाऱ्यावरच चालत. पावसाळ्यात तो पिसाळला की गलबतं किनाऱ्यावर ओढून ठेवायची आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा दर्यात लोटायची. पुढे मी कोकणात शिडाच्या होडीत बसलो, तेव्हा तांडेलाच्या हातांवरून माझी नजर हलेना. एक दोर शिडासकट आडवी काठी डोलकाठीवर चढवत होता. दुसरा शिडाच्या खालच्या कोपऱ्याला, आणि तो तांडेलाच्या मुठीत. जोराचा झोत आला की तो दोर हातभर सैल सोडी, शीड फडफडून रिकामं होई. झोत सरला की पुन्हा ओढून घेई. जाड दोराचं काम एकदाच होतं. बारीक दोराला क्षणाची उसंत नव्हती.

तिथले दोर काथ्याचे, खाऱ्या पाण्याला दाद न देणारे. आमचे अंबाडीचे, घायपाताचे. देशावर ते वळले मातंग समाजाच्या हातांनी. पेड एका बाजूला पिळायचा, मग पेडांचा दोर उलट बाजूला. दोन्ही पीळ एकमेकांना उलगडू देत नाहीत. या हातांची नावं कुठल्याच बखरीत नाहीत याची मला खंत वाटते. आंग्र्यांच्या गुराबा, त्या लढाऊ नौका, आपण अभिमानाने सांगतो, पण दोराविना गुराब म्हणजे नुसतं लाकूड.

देश आणि दर्या यांचं नातं जुनं आहे. अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात, समुद्रापासून इतक्या आत, तीन शिडांचं जहाज रंगवलेलं आहे. त्यावरून गोव्यात खिळ्यांशिवाय, काथ्याने फळ्या शिवून ‘कौंडिण्य’ हे जहाज बांधलं गेलं. २१ मे २०२५ला ते कारवारला नौदलात दाखल झालं आणि डिसेंबरअखेर पोरबंदरहून मस्कतला निघालं.

त्याची चित्रफीत मी मामांना दाखवली. आता त्यांना नीट दिसत नाही. मोबाइल डोळ्यांशी धरून ते बराच वेळ शिडाकडे बघत राहिले.

‘‘वर वढला तो नाडा,’’ ते म्हणाले. ‘‘अन् सोंदूर कुनाच्या हातात हाये?’’

मी चित्र थांबवलं आणि दोघं मिळून तो हात शोधू लागलो.