आपली फाईल भारी पडते!

लॉगिन केल्याबरोबर आपसूक उघडणारा नको तो प्रोग्राम लिनक्समध्ये थांबवायला ॲडमिनचा पासवर्डसुद्धा लागत नाही! काल रात्री हे कळलं आणि तेव्हापासून भेटेल त्याला तेच सांगत सुटलोय.

आमचं बऱ्हाणपूर पॉवरलूमचं गाव. आमच्या कारखान्यातली सुताची आवक, ताके, कारागिरांची मजुरी, सगळा हिशेब लिनक्स मिंट टाकलेल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर असतो. लाइट गेली की मशीन बंद, आली की पुन्हा सुरू. दर वेळी कोपऱ्यात ब्लूटूथचं चिन्ह हजर! मला ते लागतच नाही. धाकट्या भावाला मात्र हवं. त्याच्या लॉगिनवर तो इयरफोन लावून बिलं करतो. प्रोग्रामच काढून टाकला तर त्याचं अडणार.

आणि मग ते फोल्डर सापडलं! लॉगिन झाल्यावर काय काय सुरू करायचं, हे साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेलं असतं. सगळ्यांसाठीच्या फायली ‘ईटीसी’मधल्या ‘एक्सडीजी’त, ‘ऑटोस्टार्ट’ नावाच्या फोल्डरमध्ये. तिथली ‘ब्लूमन डॉट डेस्कटॉप’ मी टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. ‘नेम’पुढे नाव, ‘एक्झेक’पुढे कोणता प्रोग्राम चालवायचा ते. कुणीही वाचावं इतकं सरळ!

खरी गंमत पुढे आहे. असंच एक ऑटोस्टार्ट फोल्डर प्रत्येकाच्या होममध्ये, ‘डॉट कॉन्फिग’च्या आत असतं. नावाच्या सुरुवातीला टिंब, म्हणून ते लपलेलं. कंट्रोल-एच दाबलं की दिसतं. त्याच नावाची फाईल दोन्हीकडे असेल तर होममधली मानायची आणि सिस्टिमची सोडून द्यायची, असा नियमच आहे. आपल्या फायलीत ‘हिडन=ट्रू’ एवढी ओळ असली की विषय संपला. मिंटच्या ‘स्टार्टअप ॲप्लिकेशन्स’मधलं बटण हेच काम करतं. मी ते बंद केलं आणि लगेच फोल्डर पाहिलं: नवी ‘ब्लूमन डॉट डेस्कटॉप’ तिथे आलेली, आत प्रोग्राम बंद ठेवण्याची ओळ! मूळ फाईल जागच्या जागी, अक्षरही न बदललेली. भावाच्या लॉगिनवर त्याचं ब्लूटूथ जसंच्या तसं. ग्नोम, केडीई, एक्सएफसीई, कुठलाही डेस्कटॉप घ्या, फोल्डर हेच.

लॉगिनच्या आधी सुरू होणाऱ्या सेवांचं खातं मात्र वेगळं. ते २०१० साली आलेल्या ‘सिस्टमडी’कडे, आणि तिथे पासवर्ड लागतो, लागायलाच हवा. टर्मिनलमध्ये ‘सिस्टमडी-ॲनलाइझ ब्लेम’ लिहा, कुणी किती वेळ घेतला त्याची उतरती यादी समोर! आमच्याकडे सगळ्यात वर ‘नेटवर्क-मॅनेजर-वेट-ऑनलाइन’. नेट जोडलं जाईपर्यंत थांबणं एवढंच त्याचं काम, आणि आमचा हिशेब तर मशीनमध्येच आहे! ‘सिस्टमसीटीएल डिसेबल’ केलं. त्याच्याही पुढे ‘मास्क’ आहे: डिसेबल केलेली सेवा दुसरी सेवा बोलावू शकते, मास्क केलेली कुणालाच सुरू करता येत नाही. छपाईच्या ‘कप्स’ला मी हात लावला नाही, बिलं त्याच्यावरच निघतात.

रविवारी रावेरला मामांच्या दुकानी जायचंय. त्यांच्या कॉम्प्युटरवरही मिंटच आहे. चहाच्या आधी ते फोल्डर उघडणार!